पंचवीस लाख तुग्रुग

पंचवीस लाख म्हटलं की वाटावं
पोरगी घर घेतेय.
उलानबातरमध्ये एवढ्यात एक कॉम्प्युटर येतो,
तोही गानतोमोरच्या मनात असलं तर.

त्याचं दुकान तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या सांदीत.
काउंटरच्या काचेखाली मेलेले प्रोसेसर,
कोण कधी गेला त्या तारखांसकट.
मी यादी पुढे केली.
त्यानं चष्मा कपाळावर सरकवला
आणि पहिल्याच ओळीवर काट मारली.
"नाकापेक्षा मोती जड. हे कार्ड घेशील
तर प्रोसेसर धापा टाकत मागून पळेल.
खाली उतर."
उतरले. एक पिढी मागे,
मग वापरलेल्यात.
कुणी वापरलेलं?
"नेट कॅफेतलं. दोन वर्षं रात्रंदिवस खेळलंय,
पण नाणी खणायला जुंपलेलं नव्हतं."
पंखा बोटानं फिरवून दाखवला,
घोड्याचे दात दाखवतात तसा.
नऊ लाख. मी साडेआठ म्हटलं.
तो थंडीबद्दल बोलू लागला.
नऊ.

रॅम सोळा जीबी. बत्तीसचं पुढच्या हिवाळ्यात बघू.
रंगीत दिवे नकोत.
(हवे होते. जांभळे.)

पॉवर सप्लायपाशी मात्र तो अडून बसला.
राहतेस कुठे?
चिंगेलतेईच्या वर, शेवटच्या बसथांब्याच्याही पुढे.
"मग स्वस्तातला देणारच नाही.
संध्याकाळी अख्खी टेकडी हीटर लावते, वीज दमते.
आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"
दोन लाख वीस हजार,
ज्यातलं स्क्रीनवर काहीच दिसणार नाही.

हिशेब तिथे फुटला.
कॅल्क्युलेटर त्यानं माझ्याकडे वळवला.
"कॅबिनेट अगदी साधं घे."
कॅबिनेट आहे, मी म्हटलं.

आहे. पलंगाखाली. तीन हिवाळे.
दोल्गूननं कोरियाला जायला, एजंटचे पैसे भरायला
आधी कार्ड विकलं,
मग रॅमच्या पट्ट्या, एकेक करून,
मग एका सोमवारी मदरबोर्डही.
शाळेतून आले की मी ते उचलून बघायचे,
आज किती हलकं झालंय.
शेवटी नुसता डबा उरला. तो कुणी घेईना:
डाव्या अंगाला पोचा, पुढे
कुठल्याशा पैलवानाचा स्टिकर, अर्धा खरवडलेला.

तो आता आन्सानमध्ये गाड्यांच्या दारांना रबर बसवतो.
पंधरा लाख त्यानं पाठवले,
दहा माझे, बेकरीतल्या पहाटपाळीचे.
यादीही त्याच्याच अक्षरातली.
काट मारलेलं ते कार्ड
त्यानं विकलेल्याच्या दोन पायऱ्या वरचं होतं.
हे मी गानतोमोरला सांगितलं नाही.

जोडताना फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला.
पलीकडून तो ओरडतोय:
लोकरीचा स्वेटर काढ, ठिणगी पडेल,
पलंगाच्या लोखंडाला हात लाव,
अगं उलटी नाही, खाच बघ, खाच.
रॅम कट्‌कन बसली.
आई म्हणाली, मोडलं.
मग बटण दाबलं आणि काहीच झालं नाही.
तिघंही गप्प.
बऱ्याच वेळानं दोल्गून हळूच म्हणाला,
मागचं बटण. मागे एक असतं.

आता त्याची पाळी सुटली की
नावापुढचा ठिपका हिरवा होतो.
तो पुढे, मी मागे.
आवाज जरा उशिरा पोचतो इथे:
आधी मी मरते,
मग त्याचं "वाक!" ऐकू येतं.
यंत्राच्या पाठीमागच्या गरम वाऱ्यावर
आई हातमोजे वाळत घालते,
कधी हरलात तर लवकर बंद नका करू म्हणते.

एक स्क्रू उरलाय.
गानतोमोर म्हणाला, असू दे, एक उरतोच.
दोल्गूनला अजून बोलले नाही.